एकास सत्त्याऐंशी

विजेवर धावणाऱ्या जुन्या इंजिनाचं मॉडेल बघायला घरी आलेला पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला असतो : "यातून धूर येतो का हो?" येत नाही, असं कळल्यावर त्याचा चेहरा पडतो. वाफेच्या इंजिनवाल्यांची अशी पंचाईत होत नाही. त्यांच्याकडे धूर असतो, शिट्टी असते आणि घरातलं सर्वांत लहान पोरही 'झुकझुक' म्हणत त्यांच्याच पक्षात जातं. विजेच्या इंजिनाचा भक्त मात्र पाहुण्याच्या हातात भिंग देतो आणि म्हणतो, "धुराचं सोडा. छपरावरचे इन्सुलेटर मोजा." पाहुणा चहा संपवतो, घड्याळ बघतो आणि पुढच्या खेपेला आपण बाहेरच भेटू म्हणतो.

या जमातीला इंग्रजी मुलखात 'रिव्हेट काउंटर', म्हणजे रिव्हेट मोजणारे, म्हणतात. म्हणणारा ते शिवी म्हणून म्हणतो. ऐकणारा बहुमान समजून घेतो. खऱ्या इंजिनाच्या पत्र्यावरच्या रिव्हेटची टोपी दोन सेंटिमीटरची धरली, तर १:८७ या प्रमाणात ती पाव मिलिमीटरचीसुद्धा भरत नाही. मग ती करायची कशी? पितळेचा पातळ पत्रा पालथा घालायचा, मागून बोथट सुईने एकेक टिंब दाबायचं आणि पुढून फोड उमटेल एवढाच जोर लावायचा. जोर जास्त झाला की भोक, कमी झाला की काहीच नाही. रांगेतलं शेवटून दुसरं टिंब केसभर सरकलं तर अख्खा पत्रा बाद, कारण सरळ रांगेतून फुटलेलं टिंब आंधळ्यालाही दिसतं. हल्ली रिव्हेटचे तयार ठिपके मिळतात, पाण्यात भिजवून चिकटवायचे. जुने लोक त्यांना रिव्हेट मानत नाहीत आणि ते चिकटवणाऱ्यालाही फारसं मानत नाहीत.

या पंथाचं एक तीर्थक्षेत्र अमेरिकेत आहे, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्ट्रासबर्ग गावी. तिथल्या रेल्वे संग्रहालयात ४८०० क्रमांकाचं जीजी-१ इंजीन उभं आहे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडसाठी १९३४ ते १९४३ या काळात अशी १३९ इंजिनं बांधली गेली. त्यातलं नमुन्याचं पहिलं इंजीन रिव्हेट ठोकून केलेलं होतं. रेमंड लोवी या प्रसिद्ध डिझायनरला ते दाखवल्यावर त्याने सुचवलं, रिव्हेट नकोत, पत्रे वेल्डिंगने सलग जोडा. त्याप्रमाणे पुढची सगळी इंजिनं गुळगुळीत अंगाची झाली, त्यांच्यावर पाच सोनेरी रेघा आल्या आणि बिचाऱ्या पहिल्याला लोक 'ओल्ड रिव्हेट्स' म्हणू लागले. म्हणजे १३८ इंजिनं अशी की ज्यांच्या अंगावर रिव्हेटच्या रांगा नाहीत, आणि एकच असं की जे त्यांनी भरलेलं आहे. समंजस माणूस यातलं कुठलं मॉडेल करायला घेईल हे उघड आहे. समंजस माणूस या छंदाकडे सहसा वळत नाही हेही तितकंच उघड आहे.

जीजी-१ च्या रंगावरून वेगळा तंटा. तो गडद हिरवा, ज्याला सगळे ब्रुन्सविक ग्रीन म्हणतात, इतका गडद आहे की ढगाळ दिवशी काळाच वाटतो. १९४७ साली लायनेल या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने आपलं जीजी-१ काढलं. घरातल्या लहान वळणावर फिरावं म्हणून त्याची लांबी बिनदिक्कत कापलेली होती, आणि सुरुवातीची काही इंजिनं चक्क काळी निघाली. चुकीच्या रंगाचा माल स्वस्तात जावा की नाही? पण संग्राहक त्या काळ्यांनाच जास्त पैसे मोजतात. बरं, खऱ्या इंजिनाचा रंग डब्यातून आणून जसाच्या तसा मॉडेलला फासला तर तो तरी बरोबर म्हणावा? तोही नाही. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद दिसतो, म्हणून जाणकार त्यात थोडा पांढरा मिसळतात. 'थोडा' म्हणजे किती, यावर जुन्या मैत्र्या तुटल्या आहेत.

त्यातच १९५८ च्या फेब्रुवारीत अतिशय बारीक, कोरडं बर्फ पडलं. ते हवा आत घेणाऱ्या जाळ्यांतून मोटरींपर्यंत पोचलं आणि खऱ्या जीजी-१ पैकी बरीच इंजिनं एका दमात बंद पडली. पुढे काही इंजिनांच्या जाळ्या उचलून वर, तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफजवळ नेल्या. रेल्वेच्या दृष्टीने ती साधी दुरुस्ती होती. मॉडेलवाल्यांच्या दृष्टीने इतिहासाची फाळणी झाली : बर्फाआधीचं इंजीन आणि बर्फानंतरचं. बर्फाआधीच्या गाडीला बर्फानंतरचं इंजीन जोडणाऱ्याला त्या वर्तुळात कोणी उघडपणे काही बोलत नाही. फक्त त्याच्या मॉडेलकडे बघून "छान आहे" म्हणतात, आणि ते जास्त लागतं.

आता एक गोष्ट, जी ही मंडळी पाहुण्यांना कधी सांगत नाहीत. हुबेहूब मॉडेल नावाची वस्तू जगात नाही. प्रत्येक मॉडेलात कुठे ना कुठे थाप असते. पंथ पडतात ते कोणाला कोणती थाप खपते यावरून.

सगळ्यांत मोठी थाप पायाखाली असते, रुळांत. युरोपात रूढ असलेलं एचओ हे माप त्यातल्या त्यात सरळ. खरे रूळ एकमेकांपासून १४३५ मिलिमीटरवर. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा साडेसोळा मिलिमीटर. हिशेब चुकता. इंग्रजांचं मात्र निराळं. त्यांच्या गाड्या युरोपातल्या गाड्यांपेक्षा अंगाने लहान, आणि त्या काळच्या मोटरी जाड्या. १:८७ च्या इंग्रजी इंजिनात मोटर मावेना. मग त्यांनी इंजीन फुगवून १:७६ केलं आणि रूळ तेच साडेसोळाचे ठेवले. १९३८ साली आलेली 'हॉर्नबी डब्लो' याच तडजोडीवर धावली आणि इंग्लंडातली बहुतेक मॉडेलं आजही धावतात. हिशेब केला तर ही गाडी चार फूट साडेआठ इंचांऐवजी चार फूट दीड इंचाच्या रुळांवर उभी असते. गाडीला समोरून बघितलं की ते जाणवतं. म्हणून शहाणे लोक गाडीला बाजूने बघतात.

१९६० च्या दशकात काही इंग्रजांनी ठरवलं की हे आता सहन करायचं नाही. त्यांनी रुळांसाठी १८.८३ मिलिमीटरचं माप काढलं. दशांश चिन्हापुढचे दोन आकडे लक्षात घ्या. त्या दोन आकड्यांत या पंथाचं सगळं तत्त्वज्ञान आहे. भांडण एकूण २.३३ मिलिमीटरचं. त्यापायी दुकानातली कुठलीही गाडी जशीच्या तशी चालत नाही, चाकं बदलायची, आस बदलायचे, रूळ जोडताना प्रत्येक सांधा स्वतः तासायचा. सगळं झाल्यावर घरच्यांना बोलावून दाखवायचं. घरच्यांना फरक दिसत नाही. शेजाऱ्यांना दिसत नाही. शेजारच्या गल्लीतल्या वाफेच्या इंजिनवाल्याला दिसतो, पण तो कबूल करत नाही.

जपानी बाजाराने हा प्रश्न जास्त शांतपणे निकालात काढला. तिथले जुने मार्ग १०६७ मिलिमीटरचे, शिंकान्सेन १४३५ ची, आणि घरातले मॉडेलचे रूळ दोघांनाही तेच, नऊ मिलिमीटरचे. शिंकान्सेन १:१६० मध्ये करतात, तिचं गणित जमतं. बाकीच्या गाड्या १:१५० मध्ये, ज्यांना खरं तर सात मिलिमीटरचे रूळ हवेत. पण एकाच टेबलावर दोन्ही धावतात आणि टेबल मोडून पडत नाही.

गंमत म्हणजे या बाबतीत बरंच सचोटीचं निघालं ते खेळणं. १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने एलजीबी नावाची मोठी, बागेत पावसापाण्यात चालणारी गाडी आणली. रूळ ४५ मिलिमीटरचे, प्रमाण १:२२.५, आणि नकला मुख्यतः मीटर गेजच्या गाड्यांच्या. एक मीटरचा साडेबाविसावा हिस्सा करून बघा : ४४.४. गंभीर लोक जिला मुलांची गाडी म्हणून नाकं मुरडतात, ती मांजराच्या पायांतून वाट काढत, वाळक्या पानांवरून जाताना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच काय ते खोटं बोलते.

विजेच्या गाड्यांची खास अशी एक थाप आहे, आणि ती वाफेवाल्यांना ऐकायला फार आवडते. खरं इंजीन डोक्यावरच्या तारेतून वीज घेतं. मॉडेल घेतं पायाखालून. जर्मनीतल्या म्यार्कलिन कंपनीच्या गाड्यांना तर त्यासाठी दोन रुळांच्या मधोमध तिसरा संपर्क लागतो; पूर्वी तिथे सरळ तिसरा रूळच असे, मग तो स्लीपरमधून डोकावणाऱ्या ठिपक्यांच्या रांगेपुरता उरला. उलट लंडन-ब्रायटन मार्गावरच्या खऱ्या विजेच्या गाड्या बाजूच्या तिसऱ्या रुळावर चालतात. त्यांची मॉडेलं दोन रुळांवर चालतात, आणि तिसरा रूळ बाजूला नुसता शोभेला चिकटवावा लागतो. म्हणजे ज्या इंजिनाला तिसऱ्या रुळाची गरज नव्हती त्याला तो बसवला, आणि ज्याची सगळी हयात तिसऱ्या रुळावर गेली त्याचा निर्जीव करून टाकला.

मग तार तरी खरी करावी, तर खरी तार साधारण बारा मिलिमीटर जाडीची, मॉडेलमध्ये ०.१४. ती बघता येत नाही, ताणता येत नाही, आणि केर काढणाऱ्या मावशींच्या झटकणीला तर ती असल्याचंही कळत नाही. म्हणून लोक अर्ध्या मिलिमीटरची तार लावतात. तिचं खऱ्यातलं माप काढू नये. काढलंच तर चार सेंटिमीटरपेक्षा जाड सळई निघते, आणि तेवढं वजन पेलणारे खांब कुठल्याही रेल्वेकडे नाहीत. काही जण तार ओढायच्या भानगडीत पडतच नाहीत आणि पेंटोग्राफ मात्र ताठ उभा ठेवतात. इंजीन हवेतून वीज घेत असल्यासारखं ऐटीत फिरतं. ज्याने पंधरवडा खर्चून बफरचा स्क्रू योग्य दिशेला वळवलेला असतो, त्याच माणसाला ही एवढी मोठी थाप बिनबोभाट पचते.

या सगळ्या थापा एकाच इंजिनात बघायच्या असतील तर स्वित्झर्लंडची मगर बघावी. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली. स्वित्झर्लंडमध्ये कोळसा नाही, पाणी हवं तेवढं आहे. गोटहार्डच्या घाटात विजेच्या तारा आल्या आणि मालगाड्या ओढायला हे इंजीन आलं : मधे बसकी केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाक, आणि तिन्ही भाग एकमेकांत वळणारे. घाटातल्या वळणांवर अंग वाकवत जाताना लोकांनी बघितलं आणि 'क्रोकोडील' हे नाव कायमचं चिकटलं. १९१९ पासून पहिल्या प्रकारची ३३ बांधली, १९२६-२७ मध्ये दुसऱ्या प्रकारची १८.

घाटात वाकता यावं म्हणून केलेली ही सांध्यांची रचना दिवाणखान्यातल्या सतरंजीवर भलतीच उपयोगी पडली. म्यार्कलिनने १९४७ मध्ये एचओ मापाची मगर काढली. त्यांचं सर्वांत लहान नेहमीचं वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचं. खऱ्या मापात ते ३१ मीटर होतं. गोटहार्डवरचं सर्वांत कडक वळण आहे २८० मीटरचं. तेच वळण घरात खरं करायचं म्हटलं तर त्रिज्या सव्वातीन मीटरच्या आसपास जाते, म्हणजे गाडी एक फेरी मारून परत यायला साडेसहा मीटर रुंद खोली हवी. परळच्या वन रूम किचनमध्ये हा प्रकल्प राबवायचा तर स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर आणि सासूबाई यांची सोय बोगद्यात करावी लागेल. आणि बोगदा तरी कितीसा? गोटहार्डचा जुना बोगदा १५ किलोमीटरचा आहे. १:८७ मध्ये १७२ मीटर. त्यात चाळीतले सगळेच राहू शकतील.

तेव्हा वळणाची थाप सगळे निमूट गिळतात. पण मगरीच्या पोटाखालच्या दांड्यांची नाही. पहिल्या प्रकारात मोटरींकडून चाकांकडे जोर नेणारा दांडा त्रिकोणी चौकटीचा, दुसऱ्या प्रकारात तिरपा. पहिल्या ३३ पैकी १३ इंजिनांचा १९४० च्या दशकात जोर आणि वेग वाढवला, त्यासरशी त्यांचं वर्गनाव बदललं आणि क्रमांकही. रंग आधी तपकिरी, मागाहून हिरवा. त्यामुळे "ही मगर आहे" एवढं सांगून भागत नाही. कोणत्या प्रकारची, कोणत्या क्रमांकाची आणि कोणत्या सालातली, हे सांगावं लागतं. त्यासाठी युरोपातल्या मॉडेलवाल्यांनी रेल्वेच्या इतिहासाचे रोमन आकड्यांत कालखंडच पाडून ठेवले आहेत. दुसऱ्या कालखंडातल्या स्टेशनात चौथ्या कालखंडातला डबा उभा राहिला की त्यांना पेशवाईवरच्या नाटकात मनगटी घड्याळ दिसल्यासारखं होतं.

डब्यांची गोष्ट थोडक्यात आटपू. युरोपातला नेहमीचा लांब प्रवासी डबा २६.४ मीटरचा. १:८७ ने तो ३०.३ सेंटिमीटर व्हायला हवा. एवढा लांब डबा लहान वळणावर कोपरे बाहेर काढतो आणि शेजारच्या गाडीला धडकतो. म्हणून म्यार्कलिन कित्येक वर्षं तो २८.२ चा करते. उंची सत्त्याऐंशीवी, रुंदी सत्त्याऐंशीवी, लांबी मात्र साडेत्र्याण्णवावी. या दोन सेंटिमीटर आणि एका मिलिमीटरवरून जर्मन माणसं जितकी बोलली आहेत तितकं बोलणं सुज्ञ माणसाने वाचू नये.

आता घरची वाट. मुंबईत व्हीटीपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी धावली. वीज १५०० व्होल्ट डीसी, झेंडा दाखवायला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. पुढच्या काही वर्षांत तारा कल्याणपलीकडे घाट चढून गेल्या आणि त्या घाटासाठी जीआयपी रेल्वेने मागवली ती इंजिनं म्हणजे ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१. लोकांनी दोन्ही नावं बाजूला ठेवून त्यांना 'खेकडा' म्हटलं. का म्हटलं यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, उभ्याने जे कण्हायचं त्यावरून. दुसरा म्हणतो, चाकांच्या दांड्यांच्या त्या चालीवरून. दोन्ही तटांतली माणसं सध्या सत्तरीच्या पुढची आहेत आणि तडजोडीला तयार नाहीत.

खेकडा आणि मगर हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. दोघांमागे विंटरथुरचा तोच स्विस कारखाना. खेकड्यांची पहिली तुकडी तिथली, बाकीची इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीत झाली, एकूण ४१. दोघांचं अंग सांध्यात वळणारं, दोघांची चाकं दांड्यांनी जोडलेली. बोरघाटाचा चढ सदतिसात एक. गोटहार्डचा हजारी सत्तावीसच्या जवळपास, म्हणजे जवळजवळ तेवढाच. हे कळल्यावर कोणत्याही नवशिक्या मराठी हौशी माणसाला जी युक्ती सुचते ती अशी : जर्मनीहून तयार मगर मागवायची, रंग खरवडायचा आणि तिचा खेकडा करायचा. जाणत्यांसमोर हे बोलू नये. मगरीला दोन्ही टोकांना पुढे चालणारं एकेक लहान चाकांचं जोड आहे, खेकड्याला नाही. त्याची बाराही चाकं ओढणारी. नाकाची ठेवण वेगळी, खिडक्या वेगळ्या, छपरावरचा सगळा पसारा वेगळा. मगर विकत घेऊन खेकडा होत नाही. तो मुळापासूनच करावा लागतो.

मुळापासून म्हणजे मोजमापापासून. 'सर लेस्ली विल्सन' नावाचा खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. त्यामुळे सुट्टीत सहकुटुंब दिल्लीला गेलेला असा माणूस दुरून ओळखता येतो. मुलं आइसक्रीम खाऊन कंटाळलेली असतात, आणि हा इंजिनाच्या पोटाखाली ओणवा, हातात टेप. रखवालदार दोनदा येऊन गेलेला असतो. "अहो, कुतुबमिनार बघायचाय ना आज?" याला उत्तर येतं, "हँडरेलची जाडी राहिली." ती जाडी मनावर घेण्यासारखीच असते म्हणा, कारण खरा दांडा अडीच-तीन सेंटिमीटरचा आणि मॉडेलमधली तार ०.३ मिलिमीटरची. ती बसवायला तेवढ्याच जाडीचं ड्रिलचं पातं लागतं, ते हातात धरून दोन बोटांनी फिरवावं लागतं, आणि शिंक आली की मोडतं. तार कापून, वाकवून, चिमट्यात धरून भोकाजवळ नेली की ती टणकन उडते. उडालेली तार कधी सापडत नाही. अनवाणी चालणाऱ्या कोणाला तरी पुढच्या आठवड्यात ती सापडते.

पण संग्रहालयातलं इंजीन म्हणजे तरी अंतिम सत्य कुठे? साठेक वर्षं घाटात राबताना त्याचे दिवे बदलले, क्रमांक बदलले, रंग किती वेळा चढला ते रंगाऱ्यालाही आठवणार नाही. आणि मूळ नकाशात असतं ते कारखान्याने बांधायचं ठरवलेलं. कल्याणच्या शेडमधल्या फिटरने एका पावसाळ्यात वाकलेल्या पायरीच्या जागी जी दुसरी ठोकली, तिची नोंद कोणत्याच कागदावर नसते. फोटो तेवढे असतात. फोटोत नेमकी त्या पायरीसमोर कोणाची तरी छत्री असते.

त्यात भारतीय रुळांचा प्रश्न. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीने भागला तर १९.२६. बाजारात मिळतात साडेसोळाचे. इंग्रज २.३३ साठी घर सोडून निघाले. आपली तूट पावणेतीनची आहे आणि आपण घरातच आहोत. यावर एक तोडगा असा की रूळ साडेसोळाचेच खरे मानावेत आणि गाडी त्या हिशेबाने लहान करावी. मग प्रमाण येतं १:१०१.६, ज्या मापाचं जगात कोणी काहीही बनवत नाही, स्टेशनमास्तरसुद्धा नाही. दुसरा तोडगा म्हणजे रूळ स्वतः ठोकायचे. तिसरा, तोच बहुतेकांचा : गाडी बाजूने बघायची. पुण्यात कोथरूड भागातलं जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना गाड्या पळताना दाखवतं, आणि तिथे आलेली पोरं काचेला नाक लावून उभी राहतात ती गेज मोजायला नव्हे. रिव्हेटवाला माणूस अशा ठिकाणी जातो, मनातून खूश होतो आणि बाहेर येऊन त्रुटी सांगतो.

खेकडा झाला की डेक्कन क्वीनची हुक्की येते. हा खरा फास. गाडी सुरू झाली १ जून १९३० ला, सात-सात डब्यांचे दोन रेक घेऊन. डब्यांच्या चौकटी इंग्लंडहून आल्या, वरचं बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यात झालं. एक रेक रुपेरी, त्यावर लाल पट्टे. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. म्हणजे 'डेक्कन क्वीनचा मूळ रंग' सांगणारा कोणीही माणूस निम्मा बरोबर असतो, आणि ते त्याच्या आवाजावरून कधीच कळत नाही. त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत दोन्ही रंग राखाडी. कोणत्या फोटोतला राखाडी रुपेरी आणि कोणता निळा, हे छातीठोक सांगणारे जाणकार पुण्यात आहेत. त्यांची छाती ठोकण्याची सवय डेक्कन क्वीनपुरती मर्यादित नाही.

मग प्रश्न इंजिनाचा. प्रवासी गाड्या ओढायला जीआयपीकडे ईए-१ जातीची इंजिनं होती. त्यातलं ४००६ क्रमांकाचं 'सर रॉजर लम्ले' दिल्लीला जपून ठेवलेलं आहे आणि डेक्कन क्वीनचं पहिलं इंजीन म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. ते वाचून हौशी माणूस पितळेच्या पट्टीवर 'सर रॉजर लम्ले' अशी साडेतीन मिलिमीटरची अक्षरं कोरून घेतो, इंजिनाच्या कुशीवर लावतो आणि मित्रांना बोलावतो. मित्रांतला जो सर्वांत कमी बोलतो तो भिंग काढतो, पाटी वाचतो आणि विचारतो, "साल कुठलं धरलंय?" १९३०, असं उत्तर येतं. "लम्लेसाहेब मुंबईचे गव्हर्नर कधी झाले?" १९३७ साली. तोवर या इंजिनावर त्यांचं नाव लावायचं कोणाला काही कारण नव्हतं. खोलीत शांतता पसरते. पाटी काढायची तर खालचा रंग निघतो. ठेवायची तर गाडी सात वर्षं पुढे न्यावी लागते, आणि पुढे नेली की डब्यांचे रंग, दिवे, फलाटावरच्या माणसांच्या टोप्या, सगळंच नव्याने तपासावं लागतं. यजमान त्या मित्राला पुन्हा चहाला बोलावतात, पण इंजीन कपाटात ठेवून.

बाहेरचं असं अडलं की माणूस डब्याच्या आत शिरतो. आत कोण बघतंय? याही बाबतीत इंग्रजांनी वाट घालून दिली आहे. 'ब्रायटन बेल' ही त्यांची १९३३ ते १९७२ या काळातली विजेवरची पुलमन गाडी, प्रत्येक टेबलावर दिवा, आणि सकाळी नाश्त्याला किपर, म्हणजे धुरावलेला मासा. रेल्वेने तो मेनूतून काढला तेव्हा अभिनेता लॉरेन्स ऑलिव्हिए याने जाहीर निषेध केला होता. एवढा मान मिळालेला मासा मॉडेलमधून वगळणं म्हणजे इतिहासाशी द्रोह. १:७६ मध्ये तो सुमारे चार मिलिमीटरचा होतो, बशीही जवळपास तेवढीच.

डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारचं मॉडेल करणाऱ्याने तेच धरून तिथलं कटलेट करायला घेतलं. साधारण आठ सेंटिमीटरचं कटलेट, १:८७ ने मिलिमीटरपेक्षा थोडं कमी. गोळा पुट्टीचा, वरचा रंग तपकिरी, पण तळलेला तपकिरी आणि भाजलेला तपकिरी यांत फरक आहे, म्हणून त्यात किंचित पिवळा. शेजारी सॉस, तो सुईच्या टोकाने. बश्या टेबलांवर बसल्या, टेबलं डब्यात बसली, आणि आता डब्याला छप्पर घालायचं आहे. छप्पर चिकटवून टाकलं तर कटलेट कोणाला दिसणार नाही, सुटं ठेवलं तर कडेला फट दिसते, आणि फट इतिहासात नव्हती. या प्रश्नावर त्याने घरात मत विचारलं. घरातून उत्तर आलं की छपराचं काय करायचं ते करा, पण माझा भुवयांचा चिमटा आधी परत द्या, आणि द्यायच्या आधी त्याचा तो सॉस पुसा.